घटनेच्या पेपरला बेसिक स्ट्रक्चरच्या (म्हणजे घटनेचा गाभा) केसेसची सरमिसळ होतेय, अभ्यास कसा करू?

लॉ_सेकंड_इयर:
पेपर तोंडावर आलाय. कलम 14, 19, 21 झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, पण घटनादुरुस्ती आली की सज्जनसिंग आधी की गोलकनाथ, कुणी कुणाला उलटवलं, काही कळेनासं होतं. वर प्रॉब्लेममध्ये एखादी काल्पनिक दुरुस्ती देऊन वैध आहे का विचारतात, तिथे मी पानभर थिअरी लिहून येते आणि मार्क मात्र पडत नाहीत. सिनियर्सनी प्लीज सांगा.

जुना_बॅकबेंचर:
सुट्ट्या केसेस पाठ करू नकोस, हे कोर्ट आणि संसदेचं लांबलेलं भांडण आहे असं समजून वाच. मूलभूत हक्क हिरावणारा कायदा करता येणार नाही असं कलम 13(2) म्हणतं, मग घटनादुरुस्ती हा त्यातला कायदा धरायचा का, एवढाच वाद. शंकरीप्रसाद (1951) नाही म्हणते, सज्जनसिंग (1965) पण नाहीच, पण तिथे न्या. हिदायतुल्ला आणि न्या. मुधोळकर यांनी शंका काढली आणि घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांची गोष्ट मुधोळकरांनी तिथेच काढलीय (हे लिहिलंस तर तपासणाऱ्याला कळतं की पोरीने वाचलंय). गोलकनाथला (1967) 6-5 ने बाजू पलटली, संसदेने 24 वी दुरुस्ती करून 13 मधून वाट काढली, मग केशवानंद, 7-6, गोलकनाथ रद्द, हक्कांना हात लावता येईल पण घटनेचा गाभा मोडायचा नाही. त्यावर 42 वी, की दुरुस्तीला कोर्टात आव्हानच नको, ते मिनर्व्हा मिल्सने (1980) उडवलं. हा क्रम कुणालातरी तोंडी सांगून बघ, अडशील तिथेच परत वाच.

मसुदा_बहाद्दर:
वरचं बरोबर, पण प्रॉब्लेममध्ये हा सगळा इतिहास ओतू नको, तिथेच मार्क जातात. समजा सरकारवर टीका करणं गुन्हा ठरवणारा कायदा दुरुस्तीने नवव्या अनुसूचीत (कोर्टातल्या आव्हानापासून वाचवायच्या कायद्यांची यादी) टाकला. आधी कलम 368 ची (घटनादुरुस्तीची) प्रोसिजर पाळली का ते दोन ओळीत, मग सरकारची बाजू म्हणजे त्या यादीला कलम 31ब चं संरक्षण, आणि मग कोएल्हो केस (2007), म्हणजे 24 एप्रिल 1973 नंतर अनुसूचीत घातलेले कायदे बेसिक स्ट्रक्चरवर तपासता येतात. ती तारीख केशवानंदच्या निकालाची, म्हणून पाठच कर. त्यानंतर 19(1)(अ) वर, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यावर, नेमका किती आघात होतोय ते दिलेल्या फॅक्ट्सवरून लिही, जास्तीत जास्त जागा याला दे.

लॉ_सेकंड_इयर:
खूप आभार दोघांचे. केशवानंदचं मूळ जजमेंट वाचू का?

जुना_बॅकबेंचर:
अख्खं नको, 11 वेगवेगळी निकालपत्रं आहेत त्यात. न्या. खन्ना यांचे निष्कर्ष तेवढे वाच, 7-6 चा काटा त्यांच्यामुळेच फिरला. आणि वेळ उरला तर 99 वी दुरुस्ती, न्यायिक नियुक्ती आयोगाची केस (2015), बेसिक स्ट्रक्चरचं अलीकडचं उदाहरण म्हणून ती टाकच.