रिव्हर्स घ्यायचा असेल तर डमी इंजिन मधे लावू नका

धागाकर्ता: कपलर_ताण

एचओ मापाच्या मॉडेल रेल्वेत (१:८७) जोडइंजिन चालवताना, म्हणजे एकात मोटर आणि दुसरं डमी (बिनमोटरचं), ठरलेला सल्ला असतो: मोटरवालं पुढे, मग डमी, मग डबे. पुढे जाताना हे ठीक चालतं, कारण सगळे कपलर (वाहनं जोडणारे आकडे) ताणलेले असतात. रिव्हर्स घेतला की मोटरवालं डमीला ढकलतं आणि डमी अख्ख्या गाडीला. म्हणजे सगळ्यांत हलकं वाहन सगळ्यांत जास्त दाबाच्या जागी येतं. वळणावर हा दाब सरळ जात नाही. कपलर तिरपे होतात आणि डमीची टोकं बाजूला रेटली जातात. क्रॉसओव्हरसारख्या (एका रुळावरून शेजारच्या रुळावर जाण्याच्या जोडासारख्या) एस वळणावर दोन्ही टोकं विरुद्ध दिशांना जातात, आणि तिथेच चाकाची कड रुळावर चढते.

माझं मत: डमी बाहेरच्या टोकाला आणि मोटर गाडीला लागून. पुढे जाताना मोटरवाल्याला फक्त डमी ढकलावं लागतं. मागे येताना ते डबे थेट ढकलतं आणि डमी निवांत ओढलं जातं.

प्रतिसाद १: रनराउंड

असहमत. ही मांडणी फक्त गोल किंवा लूपच्या लेआउटवर टिकते. टर्मिनसवर जोडी सुटते, बाजूच्या रुळावरून फिरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागते. आधी क्रम होता डमी, मोटर, डबे. आता झाला डबे, डमी, मोटर. जोडी टर्नटेबल किंवा त्रिकोणावर फिरवली नाही, तर एक फेरी सोडून दर फेरीला डमी मधेच येणार. त्यामुळे जागेवर वाद घालण्यापेक्षा डमीच असं तयार करा की मधे राहूनही दाब सोसेल.

त्यासाठी पहिलं वजन. एनएमआरएची (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेची) शिफारस आहे २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या दर २.५ सेंमीला १४ ग्रॅम. १८ सेंमीच्या डमीला साधारण १३० ग्रॅम होतात. बाजारातली बरीच डमी याहून हलकी असतात. शिसं किंवा स्टीलच्या पट्ट्या तळाशी, दोन्ही बोग्यांवर (इंजिनाखालच्या चाकांच्या फिरत्या चौकटींवर) सारख्या वाटून बसवा. छताजवळ वजन लावलं तर डमी डुलतं.

दुसरं कपलर. बोगीला जोडलेला कपलर ढकलताना बोगीच तिरकी करतो. कपलर बॉडीला बसवा आणि उंची गेजवर तपासा. दोन कपलरांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक ओढताना खपून जातो, ढकलताना एक कपलर दुसऱ्यावर चढतो. जोडी कायमची असेल तर मधे कपलरऐवजी आखूड ड्रॉबार (जोडदांडा) लावा. मात्र तुमच्या सगळ्यांत लहान त्रिज्येच्या वळणावर दोन्ही बॉडी एकमेकींना टेकत नाहीत, हे आधी हाताने ढकलून बघा.

प्रतिसाद २: दोन_मोटरी

मुळात डमी हवंच कशाला? १३० ग्रॅम वाढवायचे आणि ओढ शून्य. दोन्हींत मोटर घाला.

प्रतिसाद ३: रनराउंड

@दोन_मोटरी, आकडे बघा. मोकळ्या फिरणाऱ्या धातूच्या चाकांवर १३० ग्रॅमच्या डमीचा सपाटीवरचा विरोध काही ग्रॅमच असतो. ३ टक्के चढावर त्यात आणखी ४ ग्रॅम. ४०० ग्रॅमचं इंजिन साधारण ८० ते १०० ग्रॅमच्या जोराने ओढतं, म्हणजे तोटा एखाद-दुसऱ्या डब्याएवढा. उलट दोन मोटरी घेतल्या तर सीव्ही (डीकोडरची, म्हणजे इंजिनातल्या कंट्रोल चिपची, सेटिंग्ज) २, ५ आणि ६ लावून दोघांचा वेग जुळवावा लागतो, तोही पुढे आणि मागे वेगवेगळा तपासून. बऱ्याच इंजिनांचा रिव्हर्समधला वेग पुढच्यापेक्षा थोडा वेगळा असतो. न जुळलेल्या दोन मोटरी एकमेकींशी भांडत मधला कपलर सतत ताणतात नाहीतर दाबतात.

आणि मोटरवाल्याचंच डमी करत असाल तर नुसती मोटर काढून भागत नाही. दोन्ही बोग्यांवरचे वर्म (मोटरची गती चाकांना देणारे स्क्रूसारखे गिअर) काढा. चाकं वर्मला उलटं फिरवू शकत नाहीत, त्यामुळे ती अडकून रुळावर घासत जातात. या एका चुकीमुळे डमी विनाकारण बदनाम होतात.

प्रतिसाद ४: लाल_काळी

वजनावर इतकी चर्चा, पण विजेचं काय? डमीचा खरा फायदा तिथे आहे. हळू रिव्हर्स घेताना आखूड इंजिन प्लास्टिकच्या फ्रॉगवर (पॉइंटमध्ये रूळ एकमेकांना छेदतात त्या वीज नसलेल्या तुकड्यावर) थांबतं. डमीच्या चाकांतूनही वीज घेऊन दोन बारीक वायरी आणि छोट्या प्लगने मोटरवाल्याला दिली, तर जोडी फ्रॉग सहज ओलांडते.

इथे घोटाळा होतो तो पाठीला पाठ लावलेल्या जोडीत. डीसीसीत (डिजिटल कंट्रोलमध्ये) उजव्या बाजूची वायर लाल, डावीची काळी. डमी उलटं फिरवलं की त्याची उजवी चाकं दुसऱ्या रुळावर जातात. लालला लाल जोडली की थेट शॉर्ट. या जोडीत लालला काळी जोडायची. वीज बंद केलेल्या सुट्या रुळावर जोडी ठेवून मल्टिमीटरने दोन रुळांमधला रोध मोजा. शून्याजवळ आला तर वायरी उलट्या आहेत.

दिव्यांसाठी डमीत फंक्शन डीकोडर, पत्ता मोटरवाल्याचाच. पाठीला पाठ असेल तर डमीच्या सीव्ही २९ मध्ये ६ ऐवजी ७ (लांब पत्ता असल्यास ३८ ऐवजी ३९). मग रिव्हर्समध्ये डमीचा पुढचा दिवा आपोआप लागतो. प्रोग्रॅमिंगच्या वेळी मधला प्लग काढा, नाहीतर दोन्ही डीकोडरांत एकच किंमत लिहिली जाते. साध्या डीसीवर (डीकोडर नसलेल्या पद्धतीत) सीव्हीची ही खटपट नाही. तिथे दिशा रुळांच्या ध्रुवतेवर ठरते, इंजिनाचं तोंड कुठेही असो.

प्रतिसाद ५: कपलर_ताण

@रनराउंड, टर्मिनसचा मुद्दा मान्य, वजन आणि बॉडी-माउंट कपलरही मान्य. पण बाहेर ठेवता येत असेल तिथे बाहेरच ठेवा, या मतावर ठाम आहे. १३० ग्रॅमचं डमीसुद्धा शेजारच्या ४०० ग्रॅमच्या इंजिनापेक्षा हलकंच राहतं, आणि जास्त डबे ढकलताना घसरायचं असेल तर तेच आधी घसरेल.

@लाल_काळी, वीज घेणाऱ्या पट्ट्या चाकांवर किती दाबून बसवायच्या हे सांगायला हवं. घट्ट पट्ट्यांचा विरोध डमीच्या वजनाच्या विरोधापेक्षा जास्त होतो, आणि डमी पुढे असताना अडखळणारं चाक पॉइंटच्या (रूळ बदलण्याच्या जागेच्या) जिभेवर सगळ्यात आधी चढतं. शिवाय जोडलेली वीज ब्लॉकच्या (वेगळी वीज असलेल्या रुळाच्या तुकड्याच्या) गॅपपलीकडेही पोचते: डीसीवर पुढचा ब्लॉक बंद असला, तरी मागचं इंजिन चालू ब्लॉकमध्ये असेपर्यंत जोडी थांबत नाही.

प्रतिसाद ६: लाल_काळी

पट्टी ०.२ मिमीची फॉस्फर ब्राँझ, चाकाच्या मागच्या बाजूला नुसती टेकेल इतपत. चाकजोडी बोटाने फिरवून सोडली की ती स्वतःहून थोडी फिरत राहिली पाहिजे. लगेच थांबली तर पट्टी सैल करा. ब्लॉकचं म्हणाल, तर थांब्याचा गॅप जोडीच्या लांबीइतका अलीकडे घ्या.