पुढाऱ्यांना खरं सांगायचं नाही, हे कोणी ठरवलं?

नीरक्षीर

काल दुसऱ्या एका चर्चेत पहारेकरी यांनी लिहिलं : ‘क्लॅपरने सिनेटसमोर थाप मारली ते योग्यच केलं. पुढाऱ्याच्या कानात गुपित सांगायचं तर सरळ दवंडीच का पिटू नये?’ खाली ‘शंभर टक्के सहमत’ म्हणणाऱ्यांची रांग. वाचता वाचता जेवणाचा हात वाळला. तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून इथे.

प्रसंग सगळ्यांना माहीत आहे, तरी परत सांगतो, कारण त्याचं फार गुळगुळीत करून टाकलंय. १२ मार्च २०१३. अमेरिकी सिनेटच्या, गुप्तचर संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची खुली बैठक. सिनेटर रॉन वायडन विचारतात, एनएसए (फोन-इंटरनेटवर पाळत ठेवणारी अमेरिकी गुप्तचर संस्था) कोट्यवधी अमेरिकनांची कुठल्याही प्रकारची माहिती गोळा करते का? सगळ्या गुप्तचर संस्थांचे वरिष्ठ जेम्स क्लॅपर कपाळ खाजवत म्हणतात, ‘नो, सर.’ वायडन पुन्हा विचारतात. मग पुस्ती, जाणूनबुजून नाही. जूनमध्ये, एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने फोडलेले कागद बाहेर आले. पहिल्याच बातमीत व्हेरायझनच्या ग्राहकांच्या फोन नोंदी रोजच्या रोज एनएसएला देण्याचा न्यायालयाचा आदेश.

यावर साहेबांचा पहिला खुलासा : मी त्यातल्या त्यात कमी असत्य उत्तर दिलं. दुसरा खुलासा : ज्याच्या आधारे फोन नोंदी घेतात ते पॅट्रिअट कायद्याचं कलम २१५ त्या वेळी लक्षातच आलं नाही. अहो, विसरलात की मोजूनमापून खोटं बोललात? दोन्ही एकदम कसं होईल? खटला झाला नाही, जानेवारी २०१७ पर्यंत खुर्ची शाबूत, आणि २०१८च्या मार्चमध्ये खटल्याची पाच वर्षांची मुदतही टळली.

माझा मुद्दा क्लॅपर नाही. अशा समितीकडे स्वतःचे डोळे नसतात. इतर खात्यांत काही चुकलं तर रस्त्यावरचा माणूस बोंबलतो, पत्रकार जातो, फोटो येतो. इथे साक्षीदारही तोच आणि पुरावाही त्याच्याच कपाटात. तो खोटं बोलला की देखरेख नावाची वस्तूच शिल्लक राहत नाही.

पहारेकरी

माझ्या नावाने धागा! धन्य झालो.

अर्धी गोष्ट सांगितलीत, उरलेली मी सांगतो. वायडन स्वतः त्या समितीवर होते. उत्तर त्यांना आधीच माहीत होतं. प्रश्न त्यांच्या कार्यालयाने आदल्या दिवशी पाठवला होता. समोर कॅमेरे. ‘हो’ म्हटलं तर गुपित फुटलं, ‘सांगू शकत नाही’ म्हटलं तर त्याचाही अर्थ ‘हो’च. याला प्रश्न म्हणत नाहीत, सापळा म्हणतात.

आणि पुढारी गुपित फोडत नाहीत हे कोणी सांगितलं? १९७६ साली गुप्तचर संस्थांची चौकशी करणाऱ्या पाइक समितीचा अहवाल छापू नये असं सभागृहाने ठरवलं, तरी तो वर्तमानपत्रात आला. १९८७ साली सिनेटर पॅट्रिक लेही यांनी इराण-कॉन्ट्राच्या (इराणला चोरून शस्त्रं विकून निकाराग्वाच्या बंडखोरांना पैसा पुरवल्याच्या) अहवालाचा मसुदा बातमीदाराला दाखवला आणि समितीतून बाहेर पडले. २०१८ साली सिनेट समितीचा सुरक्षाप्रमुखच बातमीदारांशी असलेल्या संबंधांबद्दल एफबीआयशी खोटं बोलला म्हणून दोन महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. सुरक्षाप्रमुख बरं का! कुंपणच शेत खातंय.

नीरक्षीर

तिसरा रस्ता होता. ‘बंद बैठकीत सांगतो.’ हे वाक्य तिथे दिवसातून दहा वेळा म्हणतात, कोणाला काही वाटत नाही. प्रश्न आदल्या दिवशी मिळाला होता ना, मग हे वाक्य पाठ करायला रात्र पुरली नसती का? आणि नंतर वायडन यांच्या कार्यालयाने उत्तर दुरुस्त करायची संधी दिली, तीही घेतली नाही.

जुना कारकून

मी एका खात्यात बत्तीस वर्षं काढली. त्यातली नऊ अधिवेशनाच्या प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात गेली. गुप्तहेर वगैरे नाही, साधं खातं. पण क्लॅपरसाहेबांचं उत्तर ऐकून मला परक्याचं वाटलंच नाही.

एकदा प्रश्न आला : ‘मे महिन्यात अमुक गोदामात पाणी शिरून धान्याची पोती भिजली, हे खरे आहे काय?’ खाली नेहमीचे भाग. असल्यास किती नुकसान, असल्यास चौकशी केली आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय. मी मसुद्यात ‘होय’ लिहिलं. साहेबांनी फाईल वाचली, पेन्सिल उचलली आणि विचारलं, ‘पाणी कधी शिरलं?’ म्हटलं, एक जूनच्या रात्री. साहेबांनी ‘होय’ खोडलं. ‘(१) हे खरे नाही. (२) ते (५) प्रश्न उद्भवत नाही.’ पाच मिनिटांत उत्तर तयार. सदस्यांना ठाऊक होतं, मंत्र्यांना ठाऊक होतं, गोदामाच्या शिपायालाही ठाऊक होतं. कागदावर मात्र पोती कोरडी.

अनुजा_

आणि हे तुम्ही हसत हसत सांगताय?

जुना कारकून

हसत नाही, बाई. सांगतोय.

रिकामटेकडा

साहेब हुशार होते. सदस्याला एक तारीख नीट काढता येत नाही? प्रश्न विचारायचा आणि उत्तराच्या दिवशी सभागृहात गैरहजर राहायचं, असे लोक देखरेख करणार? मी एकदा प्रेक्षक गॅलरीत बसलो होतो. एक सन्माननीय चक्क घोरत होते.

अनुजा_

तारखेचा आणि पोत्यांचा काय संबंध? माणसाने विचारलं धान्य भिजलं का, उत्तर हो आहे. बाकी सगळी फसवणूक. तुमच्यासारख्या लोकांमुळेच सरकारी कागदावर कोणाचा विश्वास राहिला नाही.

जुना कारकून

‘तुमच्यासारख्या’ म्हणजे कोणासारख्या? मी ‘होय’च लिहिलं होतं. खोडलं दुसऱ्याने. सही तिसऱ्याची आणि सभागृहात वाचलं चौथ्याने. शोधा आता खोटं कोण बोललं ते.

रिकामटेकडा

तांत्रिकदृष्ट्या कोणीच नाही :)

अनुजा_

तांत्रिकदृष्ट्या हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. विमा कंपनी तांत्रिकदृष्ट्या, बिल्डर तांत्रिकदृष्ट्या, आता सरकारही. माझ्या आईच्या दाव्याच्या वेळी एका कंपनीने ‘दाखल’ आणि ‘निरीक्षणाखाली’ यात फरक काढला होता. बाई रात्रभर खाटेवर होती, पण ‘दाखल’ नव्हती. तुमचे ते साहेब तिकडे नोकरीला लागले होते का?

नीरक्षीर

पोत्यांतून बाहेर या रे कोणीतरी.

घुबड

बाहेर कशाला? कारकूनकाकांनी मुद्द्याच्या बरोबर मधे बोट ठेवलंय.

९ डिसेंबर २०१४ला त्याच सिनेट समितीने, सीआयएने पकडलेल्या दहशतवादी संशयितांच्या छळावरच्या अहवालाचा सारांश प्रसिद्ध केला. मूळ अहवाल सुमारे ६,७०० पानांचा, तो अजून कुलपात. सारांशाला एक परिशिष्ट आहे. सीआयएचे तेव्हाचे संचालक मायकल हेडन यांनी १२ एप्रिल २००७ला समितीपुढे दिलेल्या साक्षीतली विधानं एका बाजूला आणि सीआयएच्याच नोंदी दुसऱ्या बाजूला. शाळेत जोड्या लावा असायचं तसं, फक्त इथे जोड्या लागत नाहीत. त्याच अहवालात एका अधिकाऱ्याच्या २००९च्या जानेवारीतल्या ईमेलची नोंद आहे. कैद्यांचा आकडा शंभरावर जातोय हे त्याने हेडन यांच्या कानावर घातलं, तर सूचना मिळाली की आकडा ९८च ठेव, त्यासाठी हवी ती तारीख धर. समितीने मोजले ते किमान ११९. हेडन यांना अहवाल मान्य नाही, ते वेगळं.

‘हवी ती तारीख धर.’ एक जूनची रात्र आणि मे महिना. साहेब सगळीकडे सारखेच.

पहारेकरी

तो अहवाल एका पक्षाने लिहिला. रिपब्लिकन सदस्य त्यातून बाजूला झाले होते. हेही सांगा की.

घुबड

सांगतो की. आणि हेही सांगतो. अहवालासाठी साठ लाखांहून जास्त पानं सीआयएने दिली, पण आपल्याच ताब्यातल्या इमारतीत, आपणच लावलेल्या संगणकांवर. २०१० साली त्यातून शेकडो कागद गुपचूप गायब झाले. नंतर समितीच्या बाजूच्या संगणकात सीआयएचे लोक शिरले. ११ मार्च २०१४ला समितीच्या अध्यक्ष डायन फाइनस्टाइन यांनी सिनेटमध्ये उभं राहून हे जाहीर केलं. सीआयएचे तेव्हाचे संचालक ब्रेनन म्हणाले, छे, असं काही आम्ही करूच शकत नाही. जुलैमध्ये त्यांच्याच महानिरीक्षकाने सांगितलं, पाच जणांनी केलंय. ब्रेनन यांनी माफी मागितली. पुढे चौकशी मंडळाने पाचही जणांना सोडून दिलं.

गंमत म्हणजे याच फाइनस्टाइनबाई आधीच्या वर्षी एनएसएच्या फोन नोंदींची हिरिरीने बाजू मांडत होत्या. लोकांच्या फोनमध्ये डोकावलं तर देशाची सुरक्षा, आपल्या संगणकात डोकावलं तर घटनेवर घाला.

पहारेकरी

संगणकाचं प्रकरण चुकीचंच होतं. तिथे मी बचाव करणार नाही. झालं समाधान?

नीरक्षीर

पंचांग बघून ठेवतो. पहारेकरी यांनी एक गोष्ट चुकीची म्हटली.

विशाखा_म

तुम्ही तिकडच्या समित्या खोटं बोलून कशा फसवल्या यावर भांडताय. आपल्याकडे फसवायला समिती तरी आहे का? रॉ १९६८ साली सरकारी आदेशाने उभी राहिली, आजतागायत तिच्यासाठी संसदेचा कायदा नाही. २०११ साली मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक आणलं होतं, त्यात देखरेख समितीची तरतूद होती. आता स्वातंत्र्यापासून खासगी विधेयकं मंजूर झाली एकूण १४, शेवटचं १९७० साली. म्हणजे ते विधेयक कुठल्या रांगेत उभं होतं बघा.

माझे वडील अशाच एका कार्यालयात होते. हेर नव्हेत, हिशेब विभागात. ते गेल्यावर आईच्या पेन्शनमध्ये घोळ निघाला, म्हणून माहिती अधिकारात त्यांच्या सेवापुस्तकाची प्रत मागितली. उत्तर आलं, कलम २४, ही संस्था कायद्यातून वगळलेली आहे. माझ्या बाबांची रजा किती शिल्लक होती, हे देशाचं गुपित.

पहारेकरी

तुमच्या आईंचं वाईट वाटलं, मनापासून. पण एका कारकुनाच्या हट्टावरून संस्थेचं मोल ठरवू नका. कलम २४ मध्ये भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा अपवाद आहे.

विशाखा_म

पेन्शन दोन्हींत बसत नाही असं कळवलं त्यांनी. पुढच्या पत्रात.

जुना कारकून

कारकुनांना मधे घेतल्याबद्दल आभार.

घुबड

सीआयएचे माजी संचालक रिचर्ड हेल्म्स यांचं १९७३चं प्रकरण या चर्चेत अजून कसं आलं नाही? चिलीत डावे नेते अय्येंदे यांच्या विरोधकांना सीआयएने पैसे दिले का, असा प्रश्न सिनेटर स्टुअर्ट सायमिंग्टन यांचा. उत्तर तेच, ‘नो, सर.’ दिले होते. सिनेटच्या चर्च समितीने १९७५ साली सगळं उकरलं. १९७७ साली हेल्म्सना दोन हजार डॉलर दंड आणि दोन वर्षांची स्थगित शिक्षा. निवृत्त सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवून स्वागत केलं आणि दंडासाठी वर्गणी काढली. शिक्षा कसली, सत्कारच तो. पुढच्यांनी काय धडा घ्यायचा?

पहारेकरी

घ्या! तुमच्याच तोंडून. सायमिंग्टन यांनाही चिलीतल्या उद्योगांची कल्पना होती असं नंतर लिहिलं गेलंय. १९७३ काय, २०१३ काय, विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक, देणाऱ्याला ठाऊक, आणि नाटक लोकांसाठी. मग अप्रामाणिक एकटा हेर कसा?

अजून एक. २००३ साली सिनेट गुप्तचर समितीवरच्या जे रॉकफेलर यांना उपाध्यक्ष डिक चेनींनी एनएसएच्या पाळतीच्या कार्यक्रमाची माहिती दिली. सोबत सहायक नाही, कोणाशी बोलायची परवानगी नाही. गृहस्थांनी १७ जुलैला स्वतःच्या हाताने चेनींना पत्र लिहिलं, मी तंत्रज्ञ नाही, वकीलही नाही, यावर मत कसं देऊ? एक प्रत पाकिटात बंद करून तिजोरीत ठेवली. २००५च्या डिसेंबरमध्ये वर्तमानपत्राने बातमी फोडल्यावर ती बाहेर काढली. अडीच वर्षं! सभागृहात बोलल्याबद्दल सदस्यावर खटला भरता येत नाही. सिनेटर माइक ग्रॅव्हल यांनी १९७१ साली पेंटागॉन पेपर्स (व्हिएतनाम युद्धाचे गुप्त कागद) समितीच्या बैठकीत वाचून नोंदीवर घेतलेच ना? वायडनही बोलू शकले असते. बोलले नाहीत. कारण समितीवरची खुर्ची गेली असती. तुमच्या देखरेखवाल्यांना खरं सांगून उपयोग काय, ते तिजोरीत ठेवतात.

अनुजा_

हे मात्र बिनतोड आहे. आवडलं नाही तरी.

नीरक्षीर

बिनतोड वगैरे काही नाही. नोंद न घेता, सहायकाशिवाय, आठच जणांना कानात सांगायचं आणि मग ‘तुम्हाला सांगितलं होतं’ म्हणायचं, ही पद्धत कोणी बनवली? रॉकफेलरांच्या तोंडाला कुलूप लावायचं आणि वर विचारायचं, बोलला का नाहीस.

पहारेकरी

टाळताय. वायडनना माहीत होतं की नव्हतं? सभागृहात उभं राहून सांगता आलं असतं की नव्हतं?

नीरक्षीर

हे अंशतः खरे आहे.

रिकामटेकडा

हाहाहा, साहेब इथेच आहेत!

जुना कारकून

‘अंशतः’ लिहिलं की आमचे साहेब विचारायचे, कोणता अंश? नाहीतर मसुदा परत.

नीरक्षीर

वायडनना उत्तर ठाऊक होतं आणि ते गप्प बसले, एवढा अंश. प्रश्न विचारून इशारा देण्यापेक्षा स्वतः उभं राहायला हवं होतं, हेही घ्या. थाप ती थापच. यापुढे एक शब्द मिळणार नाही.

पहारेकरी

पुरे आहे. जपून ठेवतो, तिजोरीत.

अनुजा_

तुमची मांडवली झाली असेल तर एक विचारते, काका. त्या पोत्यांचं पुढे काय झालं?

जुना कारकून

पुढच्या अधिवेशनात त्याच सदस्यांनी परत विचारलं, या वेळी ‘१ जून’ घालून. मी ‘होय’ लिहिलं, साहेबांनी हात लावला नाही. खालच्या भागात लिहावं लागलं, ‘सदर धान्य खाण्यास अयोग्य ठरल्याने नष्ट करण्यात आले आहे.’