इन्सब्रुकहून आईबाबांना घेऊन एका दिवसात कुठे कुठे जाऊन येता येईल? (गाडी नाहीये)

नाशिकची_पाहुणी
नमस्कार मंडळी, मी ऑस्ट्रियात इन्सब्रुकला मास्टर्स करतेय. मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा आईबाबा येतायत नाशिकहून, पहिल्यांदाच देशाबाहेर. माझ्याकडे लायसन्स नाही त्यामुळे जे काही ते ट्रेन नाहीतर बसने. आईचे गुडघे दुखतात, चढ अजिबात नको, पण तिला बर्फाला हात लावायचाय, हे तिने मला तीन वेळा सांगून झालंय. बाबा रेल्वेतून रिटायर झाले, सगळी नोकरी इगतपुरीला, त्यांना डोंगर दाखवला तरी ते रूळच बघणार. आणि मावशीने ग्रुपवर हॉलस्टॅट ह्या तळ्याकाठच्या गावाचे फोटो टाकून ठेवलेत, तेव्हा तेही "जमवच" असं आहे. काय करू?

घाटातला_माणूस
नऊ वर्षं इथे आहे, दरवर्षी कोणी ना कोणी येतंच, त्यामुळे हे सगळं पाठ झालंय.

आईंचा बर्फ पहिल्याच दिवशी उरकून टाक. शहरातल्या काँग्रेस स्टेशनवरून हुंगरबुर्गबान पकडायची. आपल्या सप्तशृंगी गडावर ती फनिक्युलर ट्रॉली आहे ना तसलाच प्रकार, फक्त स्टेशनं झाहा हदीदने केलीत, २००७ ची, लांबून वितळलेल्या बर्फासारखी दिसतात. हुंगरबुर्गला उतरून केबल कारने झेग्रुबे (१९०५ मीटर), तिथून दुसरी हाफेलेकारला, म्हणजे अर्ध्यापाऊण तासात माणूस भर शहरातून सव्वादोन हजार मीटरच्या वर. जूनच्या सुरुवातीला वर सावलीत बर्फाचे ढीग असतातच, वरून काळे मळकट झालेले, पण चपलेने वरचा थर खरवडला की आत पांढराशुभ्र. आईंना तेवढा पुरे. पण आधी वेबसाइट बघ, वसंतात आणि शरदात केबल कार मेंटेनन्ससाठी बंद ठेवतात, इथे त्याला रेव्हिजन म्हणतात, आणि मे म्हणजे नेमका त्यातलाच. माझे सासूसासरे मे मध्ये आले होते, बंद दारासमोर फोटो काढून परत.

आता बाबांचं. त्यांना ब्रेनरच्या लोकलमध्ये बसव, चाळीसेक मिनिटं लागतात, वरती १३७१ मीटर, तिथून पुढे इटली. ही लाइन १८६७ ची, म्हणजे आपला बोरघाट १८६३ आणि थळघाट (कसारा घाट) १८६५, साधारण एकाच पिढीतली कामं, चढही जवळपास आपल्या कसारा घाटाएवढाच. मालगाड्यांना इथेही मागून इंजिन लावतात, बाबा बघताक्षणी "बँकर!" म्हणणार बघ. सांक्ट योडोक नावाचं गाव येतं, तिथे चढ आवाक्यात ठेवायला गाडी बाजूच्या दरीत शिरते आणि गावाला वळसा घालून बोगद्यातून वर निघते, तेच चर्च थोड्या वेळाने खाली दिसायला लागतं. आणि आता ह्या सगळ्याच्या खालून ५५ किलोमीटरचा बोगदा खणतायत, ते सांगितलंस की पुढचा तासभर तुला बोलावं लागणार नाही. ब्रेनर स्टेशनात बघण्यासारखं काही नाही, कॉफी प्यायची आणि मागे फिरायचं.

दुसरी झेफेल्डची लाइन, पुढे मिटेनवाल्डपर्यंत जा, तासाभरात. जाताना डावीकडे बसा, अख्खी इन नदीची दरी खाली दिसते. १९१२ ला सुरू झाली तीच विजेवर. मिटेनवाल्ड जर्मनीत आहे, पासपोर्ट घरी विसरू नका. गाव सपाट आहे, घरांच्या भिंतींवर चित्रं काढलेली, व्हायोलिन बनवणाऱ्यांचं गाव, आई बाकावर बसून मजेत आईसक्रीम खातील.

म्युनिककर_८८
हॉलस्टॅट इन्सब्रुकहून एका दिवसात करू नका प्लीज. साल्झबर्गलाच पावणेदोन-दोन तास, पुढे अजून दोनेक तास गाड्या बदलत, आणि स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठावर, तिथून बोट. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आठ-नऊ तासांचा प्रवास कशाला? त्यापेक्षा येनबाखला उतरा, २०-२५ मिनिटं. तिथून आखनझे तळ्याला वाफेची गाडी जाते, १८८९ ची, उटीच्या गाडीसारखी मधे दातेरी रूळ, इंजिन मागून ढकलतं. सीझनमध्येच असते, तेवढं चेक करा. तळ्याकाठी उतरलं की समोर बोट उभी. तिकीट महाग वाटेल, पण बाबांचा विचार करा.

श्टुबाय_सखी
माझी एक भर, श्टुबायटालबान. मेन स्टेशनच्या बाहेरूनच निघते, लाल ट्रॅम, १९०४ पासून चालू, शहर संपलं की थेट गवताच्या कुरणांतून, मुटर्सवरून फुल्पमेसपर्यंत तासभर डुलत डुलत. पुढे बसने ग्रावा धबधब्याला जा, स्टॉपपासून थोडंसंच चालायचं, समोर लाकडी आरामखुर्च्या टाकल्यात आणि धबधबा चांगला आडवा पसरलेला, ८५ मीटर रुंद. जूनमध्ये वरचं बर्फ वितळत असतं म्हणून पाणी जोरात, तुषार चेहऱ्यावर येतात, तेव्हा आईंना स्वेटर.

परतीची बस मात्र नीट बघा. त्या दिवसांत इथे सणांच्या सुट्ट्या असतात, तेही गुरुवार-सोमवारच्या, आणि सुट्टीला बसचं रविवारचं वेळापत्रक. मी एकदा स्टॉपवर रोजचा कॉलम वाचला आणि आजीला घेऊन सव्वा तास बसले, दुकानं पण सगळी बंद. पर्समध्ये दशम्या होत्या म्हणून निभावलं.

घाटातला_माणूस
हो, आणि फ्योन. दक्षिणेकडून गरम वारा सुटतो, त्या दिवशी डोंगर असे स्पष्ट आणि जवळ दिसतात की वाटतं आजच वर जावं, आणि नेमकी त्याच दिवशी वाऱ्यामुळे केबल कार बंद असू शकते. तसं झालं तर ब्रेनर करून टाक, ट्रेनला वाऱ्याचं काही नाही.

पैशांचं, तिघे आहात तर आइनफाख-राउस तिकीट अजून मिळतंय का बघ, २ ते ५ जणांचं मिळून एक, दिवसभर ऑस्ट्रियातल्या रिजनल गाड्यांत. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच चालतं, तोवर आईंचा चहा होईल.

नाशिकची_पाहुणी
बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप थँक्यू. मावशीला सांगते हॉलस्टॅट कॅन्सल. बाबांना आत्ताच फोनवर सांक्ट योडोकचं वाचून दाखवलं, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, कोणत्या बाजूच्या खिडकीत बसायचं ते विचारून ठेव.

घाटातला_माणूस
जाताना उजव्या.