मदत हवी आहे: अपघातात मेंदूला मार, दाखल्यावर ४०%, आणि विमा कंपनीला तडजोडीची घाई

कृष्णाकाठ_२

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होईल, पण सगळं एका जागी असलेलं बरं.

माझा धाकटा भाऊ, वय ३४, सातारा एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर ऑपरेटर. नोकरी कायम, पगार २४ हजार. गेल्या वर्षी सेकंड शिफ्ट करून बाइकवरून घरी येताना हायवेवर टेम्पोने मागून उडवलं. हेल्मेट होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, त्याच रात्री ऑपरेशन. कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवला होता, तो नंतर परत बसवला. घशाला भोक, नाकातून नळी, सगळं झालं. टेम्पोवाल्यावर गुन्हा आहे, चार्जशीट झालंय, टेम्पोचा विमाही चालू होता. नुकसानभरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत लागलाय, त्यामुळे मुदतीची काळजी नाही.

काळजी वेगळीच आहे. बघणाऱ्याला तो बरा दिसतो. चालतो, बोलतो, आल्यागेल्याला चहा विचारतो. अपंगत्व तपासणाऱ्या मेडिकल बोर्डापुढे नेलं तेव्हा नाव, गाव, तारीख, मुख्यमंत्री कोण, सगळं धडाधड सांगितलं. डावा हात थोडा कमजोर आहे, तो तपासला आणि ४०% अपंगत्वाचा दाखला हातात दिला. घरी काय चालतं ते कुणी विचारलंच नाही. दूध गॅसवर ठेवतो आणि अंगणात जाऊन बसतो. ते करपून घरभर धूर झाला तरी याला पत्ता नसतो, कारण अपघातापासून वासच येत नाही. टीव्ही चालू असताना दोघं एकदम बोलली की ताट भिरकावतो. पूर्वी आवाज चढवणारा माणूस नव्हता हो. पहिलीतली लेक आता त्याच्याजवळ एकटी थांबत नाही. फिटच्या गोळ्या चालू आहेत, मशीनवर जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. भावजयीने शिवणकाम सोडलं, दिवसभर त्याच्यापाशी असते. तिला बाहेर जायचं असलं की नर्सिंग ब्यूरोचे मामा (पेशंट सांभाळणारे) बोलावतो.

आता विमा कंपनीचा निरोप आलाय, येत्या लोकअदालतीत साडेअकरा लाखांत मिटवू. आमचे वकील म्हणतात, घेऊन टाका. त्यांना मिळणाऱ्या रकमेचे २० टक्के हवेत. हॉस्पिटलचं बरंच बिल ग्रुप मेडिक्लेममधून गेलं, ते वजा होणार असंही म्हणतात. तिकडे भावाच्या कंपनीतून सांगतात, राजीनामा द्या, पीएफ-ग्रॅच्युइटी लगेच मोकळी करतो.

दाखल्यावर ४०% म्हणजे भरपाईही तेवढ्याच हिशोबाने का? साडेअकरा योग्य आहेत का? कुणी यातून गेलंय का?

माणदेशी

ताई, वाईट वाटलं वाचून. पण रोखठोक सांगतो, कोर्टाच्या नादी लागलात तर वर्षं जातील. आमच्या चुलत्यांच्या केसमध्ये चपला झिजल्या. हातात येतंय ते घ्या, बँकेत टाका, पोरीचं बघा.

बार_रूम

मी दावा न्यायाधिकरणात वकिली करतो, पण तुमची फाइल पाहिलेली नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

आधी आकडा काढू. वार्षिक उत्पन्न २,८८,०००. कायम नोकरी आणि वय ४० च्या आत, म्हणून भविष्यातील पगारवाढीचे ५०% त्यात धरायचे (सर्वोच्च न्यायालयाचा प्रणय सेठी निकाल, २०१७). झाले ४,३२,०००. मग वयानुसार ठरलेला गुणक, म्हणजे वार्षिक रकमेला कितीने गुणायचं तो आकडा: ३१ ते ३५ वयाला १६ (सर्वोच्च न्यायालयाच्याच सरला वर्मा निकालातला तक्ता, २००९). गुणाकार ६९,१२,०००. जखमीच्या दाव्यात स्वतःच्या खर्चापोटी तिसरा-चौथा हिस्सा कापत नाहीत, ते मृत्यूच्या दाव्यात. आता कमाईची क्षमता ४०% गेली असं धरलं तरी २७,६४,८०० होतात. यात औषधपाणी, सांभाळायला लागणारा माणूस, वेदना, संसारसुखाला मुकणं यातलं काहीच नाही. साडेअकरा कुठून आले ते त्यांनाच विचारा.

आता मुख्य मुद्दा. दाखल्यावरची टक्केवारी शरीराची असते. कोर्टाने बघायची असते ती कमाईची. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सोदाहरण सांगितलंय: डावा हात तुटला तर अपंगत्व साधारण ६०%, पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाई जवळपास १००% बुडाली, आणि सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरी जाणारही नाही. तुमचा भाऊ सीएनसीवर होता. फिटच्या गोळ्या, लक्ष टिकत नाही, राग आवरत नाही, धुराचा वास कळत नाही. अशा माणसाला मशीनवर कोण उभा करणार? १००% चा आग्रह धरायला जागा आहे. कोर्ट तेवढं देईलच असं मी म्हणणार नाही.

त्याच निकालात हेही आहे की नुसता दाखला जोडून भागत नाही, डॉक्टरला साक्षीला आणावं लागतं. इथे निम्म्या केसेस मार खातात.

माणदेशी, तुमचा मुद्दा खोटा नाही. पण दोन गोष्टी. व्याज साधारणपणे दावा दाखल झाल्यापासून लावतात. आणि लोकअदालतीत तडजोड झाली की तो विषय संपला, तिथल्या निवाड्यावर अपील नाही. वर्षभराने फिट वाढल्या, माणूस पूर्ण अंथरुणाला खिळला, तरी परत दार ठोठावता येत नाही.

विनया_पुणे

ताई, माझ्या नवऱ्याचा फ्रंटल लोबचा (मेंदूच्या पुढच्या भागाचा) मार. दाखला मिळाला तेव्हा आमचंही असंच झालं, कारण पाच मिनिटांच्या गप्पांत ही माणसं छान बोलतात! बाजूच्या काकू तर मला म्हणाल्या, "काही नाही गं, तूच फार मनावर घेतेस." असो.

न्यूरोसायकॉलॉजीची चाचणी करून घ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घेतात, काही तास चालते, एका बैठकीत संपेलच असं नाही. स्मरण, लक्ष, नियोजन, कामाचा वेग, प्रत्येकाचा वेगळा गुण येतो. निम्हान्सने (बेंगळुरूची मेंदू-मानसिक आरोग्याची संस्था) तयार केलेली चाचणीमालिका आपल्याकडे बरेच जण वापरतात. तो रिपोर्ट आला आणि समोरच्या वकिलाचा सूरच बदलला. तोवर "साहेब, हे तर नीट बोलतायत" हे एकच पालुपद होतं. रिपोर्ट घेऊन बोर्डाकडे फेरतपासणीही मागा.

दुसरं, वही घाला. तारीख टाकून दोन ओळी: आज गॅस चालू ठेवला, आज औषध दोनदा घेतलं, आज रस्ता चुकला. भावजयीने स्वतः लिहायची, साक्षीत तिलाच विचारतात. ब्यूरोच्या मामांना रोख देत असाल तर आजपासून यूपीआयने द्या.

कृष्णाकाठ_२

विनयाताई, तुमच्या काकू आमच्या गल्लीतही आहेत 🙂

@बार_रूम सर, खूप आभार. भावजय घरचीच, तिला पगार थोडाच देतोय, मग सांभाळण्याचा खर्च दाखवायचा कसा? आणि मेडिक्लेम, राजीनामा, २० टक्के?

बार_रूम

घरचं माणूस करतं म्हणून ते फुकट ठरत नाही. तिने शिवणकाम सोडलंय, ती कमाई गेलीच ना? तिची गिऱ्हाइकं, जुनी बिलबुकं, जे असेल ते गोळा करा. वकिलांना फेब्रुवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. बारा वर्षांची मुलगी, मेंदूला मार, पूर्ण परावलंबी. कोर्टाने दोन माणसं, दरमहा प्रत्येकी ५,००० धरून त्यालाही १८ चा गुणक लावला, म्हणजे नुसते सांभाळण्याचे २१,६०,०००. तिची अवस्था तुमच्या भावापेक्षा कितीतरी वाईट होती, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा मागू नका. पण एकरकमी लाख-दोन लाख न देता गुणकाने हिशोब करायचा, ही पद्धत मागा.

मेडिक्लेम वजा होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये हा प्रश्न निकाली काढलाय. हप्ता भरून घेतलेली पॉलिसी हा वेगळा करार, त्याचा फायदा टेम्पोच्या विमा कंपनीला कशाला? तुमची ग्रुप पॉलिसी आहे, त्यावर ते थोडी खळखळ करतील, करू द्या.

टक्केवारीवर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. सर्रास चालतं हे मलाही माहीत आहे, पण घाईघाईने मिटवायचा सल्ला आणि टक्केवारी एकत्र आली की मी तरी दुसऱ्या वकिलाला फाइल दाखवेन. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असतं. अपंग व्यक्ती आणि स्त्रिया यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

राजीनामा अजिबात लिहून देऊ नका. "स्वखुशीने सोडतो" या एका ओळीवर समोरचा वकील सगळी उलटतपासणी उभी करेल. कंपनीला लेखी द्यायला लावा की वैद्यकीय कारणाने या कामावर घेऊ शकत नाही. ते पत्र आणि फोरमनची साक्ष, याहून चांगला पुरावा नाही.

हिशेबनीस

राजीनाम्यावरून सुचलं. पगार २१ हजारांच्या वर, म्हणजे ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) बहुधा नसेल, तरी पगारपत्रकात बघून घ्या. पीएफ कापला जात होता ना? मग नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ईपीएस ९५ (पीएफसोबतची पेन्शन योजना) मधून अपंगत्व पेन्शन मिळते, त्याला दहा वर्षांची अट नाही. मात्र त्यांची वेगळी वैद्यकीय तपासणी असते. पीएफ काढताना पेन्शनचे पैसेही उचलू नका, एचआर एकदम दोन्ही फॉर्म पुढे करतात. ग्रॅच्युइटीलाही अपंगत्वामुळे नोकरी संपली तर पाच वर्षांची अट लागत नाही.

आणि ते ४०%. अपंगांच्या बऱ्याच सवलती याच आकड्यापासून सुरू होतात, त्यामुळे दाखला फेकून देऊ नका. स्वावलंबन कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र, यूडीआयडी) काढून ठेवा.

बार_रूम

एक राहिलं. दाव्यावर सही कुणाची आहे? भावाची असेल तर सांभाळा. उद्या लोकअदालतीत "तुम्हाला मान्य आहे का" विचारलं तर तो हो म्हणेल. अशा माणसाच्या वतीने जवळच्या नातेवाइकाने दावा चालवायचा आणि तडजोडीला कोर्टाची परवानगी घ्यायची, हा सुरक्षित मार्ग. भावजयीचं नाव तसं लावून घेण्याचा अर्ज आधी द्या. तुमचा भाऊ स्वतः निर्णय घेऊ शकत नाही हे सांगणारा कागद पुन्हा तोच, विनयाताईंचा रिपोर्ट.

माणदेशी

२७ लाखांचा हिशोब बघून माझं मत बदललं. चुलत्यांच्या वेळी असं कुणी मांडून दाखवलं नाही. त्यांच्या रकमेतला मोठा भाग कोर्टाने एफडीत टाकला होता, उपचाराला पैसे लागले की अर्ज करून काढावे लागायचे. तेही डोक्यात असू द्या.

कृष्णाकाठ_२

दाव्यावर सही त्याचीच आहे. आज भावजयीला घेऊन बसले, वही सुरू केली. सोमवारी विधी सेवा प्राधिकरणात जातो, आणि वकिलांना या लोकअदालतीत प्रकरण ठेवू नका असं लेखी देतो. एचआरला मेल मीच लिहिणार आहे, मसुदा इथे टाकेन, नजर टाका.

आता एवढंच सांगा: ही न्यूरोसायकॉलॉजीची चाचणी कराड, सातारा किंवा कोल्हापुरात होते का? पुण्यापर्यंत गाडीत त्याला बसवणं म्हणजे दोन माणसं लागतात, आणि खंबाटकीच्या अलीकडेच तो उतरायचं म्हणून दार उघडायला लागतो. आणि चाचणी घेणारे साक्षीला येतात का, की ते आधीच विचारून घ्यायचं?