गुंतवणुकीसाठी पहिली जागा घेताना: तुमचा अनुभव काय सांगतो?

राहतं घर झालं, हाताशी थोडी शिल्लक आली, की 'एखादा प्लॉट घेऊन टाकू' हा विषय घराघरांत निघतो. या व्यवहारांत मुरलेले बरेच जण इथे आहेत. हकिगती नकोत. काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, किती पैसे धरायचे आणि कुठे अडकतं, एवढंच लिहा.

रानजाई:
जमीन असेल तर सुरुवात सातबाऱ्यापासून. मालकाने दिलेली झेरॉक्स बाजूला ठेवा. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो, तो स्वतः काढा. नाव नंतर वाचा, आधी भूधारणा पद्धती पाहा. 'भोगवटादार वर्ग १' असेल तर विक्रीला सहसा आडकाठी नसते. 'वर्ग २' म्हणजे वतनाची, कुळकायद्याने मिळालेली किंवा सरकारने शर्तीवर दिलेली जमीन. परवानगीशिवाय ती विकली तर शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते.

मग 'इतर अधिकार' हा रकाना. विकास सोसायटीचा (गावच्या शेतीकर्ज संस्थेचा) बोजा, कुळाचं नाव, पुनर्वसनाचा शेरा, सगळं तिथे असतं. त्यानंतर नावापुढच्या क्रमांकाचे जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढा, विशेषतः वारसनोंदीचे. सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात. नोंदीत भावांची नावं असतात आणि बहिणी गायब असतात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. तिची सही राहिली तर खरेदीखत होऊनही दावा उभा राहतो. म्हणून वंशावळ मागा आणि प्रत्येक वारसाची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोड पाहा. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मागच्या व्यवहारांच्या तपासणीचा अहवाल) घ्या. हा खर्च वाचवू नका, अगदी कळकळीने सांगते.

चंदनवेल:
शेतकरी दाखला नसेल तर शेतजमीन घेता येते का? एजंट म्हणतात, 'दोन गुंठे घ्या, नाव लावून देतो.'

बांधावरचा:
चंदनवेल, थांबा. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. 'नाव लावून देतो' याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की दहा-अकरा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक लागणार. त्यात तुमचे दोन गुंठे (१ गुंठा म्हणजे १०८९ चौ. फूट) नेमके कुठे, हे कागदावर कुठेच नसतं. त्यावर गृहकर्ज मिळत नाही, बांधकाम परवानगी अडते, आणि विकताना पुढचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. प्लॉटच हवा असेल तर अकृषिक (एनए) आदेशाचा क्रमांक आणि मंजूर रेखांकनाची (लेआउटची) प्रत मागा. ब्रोशरमधला रंगीत नकाशा म्हणजे मंजुरी नव्हे. इसार देण्यापूर्वी भूमी अभिलेखची मोजणी करून घ्या आणि पोचरस्ता सातबाऱ्यात किंवा रेखांकनात आहे का ते बघा. वहिवाटीचा रस्ता उद्या कुणी काटे टाकून बंद केला तर प्लॉट हवेत राहतो.

खिडकीपाशी:
फ्लॅटबद्दल. जमीन ५०० चौ. मीटरपेक्षा मोठी आणि सदनिका ८ पेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाची महारेराकडे (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे) नोंदणी लागते. क्रमांक टाकून तीन गोष्टी बघा: ताबा देण्याची तारीख किती वेळा पुढे गेली, मंजूर मजले किती, दावे किती. विक्री पंधराव्या मजल्याची आणि मंजुरी अकराव्यापर्यंतची, हे सर्रास दिसतं. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. तयार इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र बघा, आणि जुन्या सोसायटीत कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावे केल्याचा दस्त). कन्व्हेयन्स नसेल तर इमारतीखालची जमीन अजून जुन्या मालकाच्याच नावावर आहे, आणि पुनर्विकासाच्या वेळी तेच आडवं येतं.

ताळेबंद:
हिशोब मांडते. पुणे मनपा हद्दीत बांधकाम सुरू असलेला ५० लाखांचा फ्लॅट. मुद्रांक ७ टक्के म्हणजे ३.५ लाख, नोंदणी ३०,०००, जीएसटी ५ टक्के म्हणजे २.५ लाख. वरचे ६.३ लाख झाले. या किमतीला बँक ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते आणि हा वरचा खर्च त्यात धरत नाही. म्हणजे घरचे १६.३ लाख रोख हवेत. ४० लाखांवर ८.५ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साधारण ३४,७०० रुपये.

आता समजा भाडं १५,००० आलं. वर्षाचे १.८ लाख. त्यातून मेंटेनन्स ३०,०००, मिळकतकर १०,०००, एक महिना रिकामा धरून १५,००० वजा करा. उरले सव्वा लाख, म्हणजे ५६.३ लाखांवर जेमतेम २.२ टक्के. भाड्यातून हप्ता फिटेल या भरवशावर पहिला फ्लॅट घेऊ नका. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस खरेदीदारानेच कापून भरायचा असतो, हेही नवे लोक विसरतात.

मांडवीकाठ:
गोव्यात सातबारा नाही, तिथे नमुना १ व १४ बघतात. तिथल्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मिळकत सहसा सामाईक असते. त्यामुळे एकट्या नवऱ्याच्या नावावरची जागा घेतानाही बायकोची सही लागते. भावंडांची मिळकत असेल तर प्रत्येकाच्या जोडीदाराचीही. झोनिंगचा (जमीन कोणत्या वापराची, याचा) दाखलाही आधी काढा.

तिसरा मजला:
हातात दोन-तीन लाखच असतील तर रीट (भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारतींत अनेकांचे पैसे गुंतवणारे ट्रस्ट) बघा. शेअरबाजारात काही शे रुपयांत एक युनिट मिळतं, आणि वाटपायोग्य रोखीतले किमान ९० टक्के वाटणं त्यांना बंधनकारक आहे. भाव मात्र वर-खाली होतो.

भाडेपावती:
फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांसाठी. लीव्ह अँड लायसन्सची (भाड्याच्या कराराची) नोंदणी करणं घरमालकाची जबाबदारी आहे, ११ महिन्यांचा करार असला तरी. मुद्रांक ०.२५ टक्के. नोटरीवर भागवू नका. नोंदणीकृत करार नसेल तर वाद झाला की भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. सोसायटी 'भाडेकरू ठेवलाय' म्हणून जादा आकार लावते. तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतो, पूर्ण मेंटेनन्स बिलाच्या नव्हे. बिलात सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीची राखीव रक्कम) आणि मिळकतकर वेगळे दाखवलेत का ते पाहा आणि लेखी विचारा.