मदत हवी आहे: जंताची गोळी देऊनही परत खाज

नेरूळची_आई: लेक रोज रात्री साडेअकराच्या सुमारास रडत उठते, शीच्या जागी खाजवत बसते. मागच्या महिन्यात जंताची गोळी झाली. आठ-दहा दिवस बरे गेले, आता परत तेच. शी तपासली, रिपोर्टमध्ये काही नाही. मग हे आहे काय? तीन रात्री झोप नाही, पटकन सांगा.

खारी_बटर: वय? गोळी कुठली, किती वेळा?

जुना_ठाणेकर: वावडिंग उकळून पाजा. गोड बंद. आमची तिन्ही मुलं त्यावरच वाढली.

नेरूळची_आई: साडेचार. बालवाडीत १० फेब्रुवारीला सगळ्यांना दिली तीच, अल्बेंडाझोल ४००. एकदाच.

खारी_बटर: एकदाच, तिथेच घोळ आहे. गोळीने कृमी मरतात, अंडी नाही. दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, तोही घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. डॉक्टरांना विचारूनच. कुणी गरोदर असेल तर आधी सांगा. आणि काका, गोड खाऊन जंत होत नाहीत.

जुना_ठाणेकर: मग आमच्या आया वेड्या होत्या?

ऐरोली_सेक्टर८: सोसायटीची टाकी कधी धुतली ते विचारा. मोरबे धरणाचं पाणी चांगलंच, पण टाकीचं काय?

कासारवडवली_टँकर: तुमच्याकडे पाणी येतं तरी! आमच्याकडे...

लॅब्राडॉरवाली: घरात कुत्रा आहे का? आमच्या शेरूला दर तीन महिन्यांनी डोस देतो.

लॅबवाला_दादा: टाकी राहू द्या, शेरूही राहू द्या. हे सुतकृमी दिसतायत, ते कुत्र्याकडून येत नाहीत. मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते, म्हणून शीत बहुतेक वेळा काही सापडत नाही. सकाळी उठल्याउठल्या, धुवायच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी दाबा, काचपट्टीवर लावून लॅबमध्ये द्या. ओळीने तीन सकाळी. नखं बारीक कापा, सकाळीच अंघोळ घाला, चादरी न झटकता गरम पाण्यात टाका. अंडी कपड्यांवर दोन-तीन आठवडे टिकतात.

नेरूळची_आई: आज धुऊन झालंय, उद्या करते. पण सगळ्यांनी गोळी? सासूबाई म्हणतात, मला काय धाड भरलीय!

खारी_बटर: त्रास नसला तरी घ्यायची असते. लेक झोपते कुणाजवळ?

नेरूळची_आई: आजीजवळच. एकाच पांघरुणात. का?