मराठवाड्याला समुद्र नाही, मग मासळीचं विष तपासायचं यंत्र कशाला?

गोदाकाठचा: कालच्या एका पोस्टीत होतं, समुद्री मासळीतलं नैसर्गिक विष ओळखणारी खिशातली यंत्रं, म्हणजे चाचणीच्या पट्ट्या, सरकारनं बनवून घ्यावीत आणि त्या नांदेड-लातूरच्या गिऱ्हाइकाच्या हातात द्याव्यात. गिऱ्हाइकाच्या! त्यातलं सॅक्सिटॉक्सिन हे विष येतं शिंपल्यांत. 1997 मध्ये केरळात विझिंजमला शिंपले खाऊन सात जण गेले, तेही किनाऱ्यावरचेच. लातूरच्या बाजारात तिसऱ्या, म्हणजे शिंपले, विकणारी बाई दाखवा, पट्टी मी पदरच्या पैशानं आणतो. वर मांस वाटून अर्क काढावा लागतो तो वेगळाच. पिशवी धरून उभं राहून कोण वाटणार? शिंपले निघतात तिथं तपासा.

तर्रीबहाद्दर: आमच्या काळ्या मसाल्याच्या तर्रीत कोणतंच विष टिकत नाही. धागा बंद करा.

रसायनवाली: दादा, ते उकळून जात नाही, आणि त्याला उतारा नाही. ओठ-जीभ बधिर होते, मग श्वास अडतो. आणि गोदाकाठचे, तुम्ही बांगडा विसरलात. वाटेत बर्फ वितळला की जिवाणू त्यात ॲलर्जीसारखा त्रास देणारं हिस्टामाइन बनवतात, तळलं तरी राहतं. माझ्या भावाचा चेहरा परभणीत बांगडा खाऊन लालबुंद झाला. डॉक्टर म्हणाले ॲलर्जी, मासे बंद. पुढं रत्नागिरीत ताजा बांगडा पोटभर खाल्ला, काही झालं नाही! समुद्र जितका लांब, तितकी पट्टीची गरज जास्त.

गोदाकाठचा: हा बर्फाचा दोष, नैसर्गिक विष कुठं? थर्मामीटर पुरे.

रसायनवाली: पुन्हा बर्फ भरला की थर्मामीटर काय सांगणार? मासा गार, विष आत.

बंधाऱ्यावरचा: समुद्र, समुद्र! उन्हाळ्यात मपल्या तळ्याचं पाणी हिरवंगार होतं, ते कामून दिसत नाही कुणाला? निळ्या-हिरव्या शेवाळात मायक्रोसिस्टिन असू शकतं, यकृताला बाधतं. उकळलं तर पेशी फुटून उलट पाण्यात उतरतं. जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्यात लिटरमागं 1 मायक्रोग्रॅम म्हणते. आमच्या नळाला आठवड्यानं येणारं पाणी तपासतं का कोणी? सगळी यंत्रं कोकणाला न् मुंबईला. अनुशेष म्हणतात तो हाच!

तर्रीबहाद्दर: आला अनुशेष. धाग्यातला मासा मेला.

बंधाऱ्यावरचा: टँकरमागं घागर घेऊन पळाला असता तर जीभ इतकी चालली नसती.

प्रयोगशाळेतला: अशा पट्ट्या हाताळतो म्हणून सांगतो. त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांवर विष असलं की रेघ फिकी पडते, लोक नेमकं उलटं वाचतात. सॅक्सिटॉक्सिनची भावंडं पन्नासच्या वर, पट्टीतलं विष ओळखणारं प्रथिन, म्हणजे प्रतिपिंड, सगळ्यांना सारखं ओळखत नाही. आणि युरोपची मर्यादा तर सगळ्यांची मिळून, शिंपल्याच्या मांसात किलोमागं 800 मायक्रोग्रॅम. पट्टी 'नाही' म्हणाली म्हणून पोटभर खायचं नसतं. संशयाचा माल बाजूला काढायला मात्र उत्तम.

गोदाकाठचा: बरं बाबा, बांगड्यापुरतं मान्य. पण पट्टी ठोक बाजारात ठेवा, ट्रक उतरतो तिथं. आणि तळ्यासाठी दुसरा धागा काढता येतो, साहेब.

बंधाऱ्यावरचा: काढतो की. आधी सांगा, धरणाचा म्हणून खाता त्यातला कितीतरी रोहू आंध्रातून बर्फात येतो, ठाऊक आहे?

तर्रीबहाद्दर: माझा नाथसागरचाच. मासेवाला ओळखीचा आहे.

बंधाऱ्यावरचा: पहाटे गाडी उतरते तेव्हा तिची नंबरपाटी बघून या, मग बोलू.